उतारा किती?

असा एक माणूस तुमच्याही गावात आहे. लांबून येताना दिसला की तुम्ही रस्ता बदलता. तेव्हा आमच्या नानांची ओळख करून देत बसत नाही, परवाच्या तेरवीचंच सांगतो.

तेरवी आमच्या गल्लीतल्या एका सज्जनांची होती. त्यांचा नातू पुण्याहून आला होता, हिंजवडीत कामाला. पंगतीला अवकाश होता म्हणून मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून तो एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचत बसला. गुन्हा एवढाच की मुखपृष्ठ लोकांना दिसेल असं त्यानं ते धरलं होतं. नानांनी ते मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून हेरलं आणि मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन थेट त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"कोणता भाग?"

"आठवा, आजोबा."

"एकूण चौदा ना?"

"हो! तुम्हाला माहीत आहे?"

"उतारा किती वाटते?"

पोराला वाटलं आजोबा सातबाऱ्याचं विचारताहेत. शेतीचं सगळं काका बघतात, असं त्यानं घाईघाईनं सांगून टाकलं.

नानांची सगळी नोकरी जिनिंगमध्ये गेली, हिशेबनीस म्हणून. यवतमाळात राहून ज्याला जिनिंग माहीत नाही त्याला सांगतो: क्विंटलभर कापूस रेच्यावर घातला की चौतीसेक किलो रुई निघते, बाकीची सरकी आणि थोडी घट. शंभरातून रुई किती निघाली तो उतारा. कापूस कसा आहे, शेतकरी खरं बोलतो की खोटं, व्यापारी कुठं कट्टी मारतो, हे सगळं नानांना त्या एका आकड्यात दिसायचं. सेवानिवृत्त झाले, कापूस सुटला, आकडा सुटला नाही. तो आता जगभरच्या अद्भुत आणि विज्ञान कादंबऱ्यांच्या मालिकांना लागतो. एका भागाच्या कादंबरीकडं नाना बघत नाहीत. "एका बोंडाचा उतारा काय काढता?" असं म्हणतात.

तर त्या पोराला नानांनी उभ्या उभ्या सांगितलं, "तुह्या हातातला आठवा म्हनजे निस्ती सरकी. सातव्यापासून दहाव्यापर्यंत सरकीच हाये. बाई रागावली की वेनी ओढते, विचारात पडली की वेनी ओढते. म्या वहीत रेघा मारत गेलो, पेन्सिल संपली, वेनी काही संपली नाई. एकंदर उतारा बावीस."

"पण लेखक मध्येच वारले ना आजोबा, २००७ साली. शेवटचे तीन भाग सँडरसननं लिहिले."

"मंग? मुनीम मेला म्हनून शेठ दुकान बंद करते का? नवा मुनीम ठेवला, बाकी पुढं ओढली, २०१३ मधी खातं बंद केलं. याले म्हन्तात धंदा."

तेरवी आजोबांची होती, पण त्या दिवशी मांडवात ज्याच्या जाण्याबद्दल सविस्तर बोललं गेलं तो रॉबर्ट जॉर्डन. पोरगा न जेवता पुण्याला गेला असं म्हणतात. मी म्हणत नाही. पण पंगतीत तो मला दिसला नाही हे खरं.

हे व्यसन नानांना शेठजींनी लावलं. जिनिंगच्या मालकांकडं देवकीनंदन खत्रींची चंद्रकांता होती आणि तिच्या पाठोपाठ चंद्रकांता संतती, चोवीस भाग. विशीतल्या नानांनी ती रुईच्या हंगामात, वजनकाट्याशेजारच्या खोलीत बसून संपवली. ऐयार, तिलिस्म, बेशुद्ध माणसाला हुंगवून शुद्धीवर आणणारा लखलखा! पुढं १९९४ साली दूरदर्शनवर चंद्रकांता लागली आणि रविवारी सकाळी अख्खं यवतमाळ टीव्हीपुढं बसू लागलं, तेव्हा नाना एकटे हातात खतावणी घेऊन बसत. मालिकेत जे पुस्तकाबाहेरचं होतं ते एका बाजूला मांडत. ती बाजू इतकी भरली की पुरवण्या जोडाव्या लागल्या.

खत्रींवर मात्र त्यांचा जीव आहे, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. खत्री गेले तेव्हा भूतनाथ अपुरी राहिली होती. ती त्यांच्या मुलानं, दुर्गाप्रसादांनी पुरी केली. "बापाचं देणं पोरानं फेडलं," असं नाना सांगतात तेव्हा त्यांचा आवाज भरून येतो. मी एकदा म्हणालो, ड्यूनच्या फ्रँक हर्बर्टच्या मुलानंही बापामागं बरेच भाग लिहिलेत की. नानांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खिशात हात घालून सुटे पैसे मोजू लागलो. "सहा भाग लिहून बाप १९८६ साली गेला. देनं फेडनं येगळं आन बापाच्या नावाची पाटी लावून दुकान टाकनं येगळं, प्रोफेसर."

इंग्रजी पुस्तकं नानांकडं आली ती किलोवर. मधे एकदा गावात जुन्या इंग्रजी पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, वजनाच्या भावानं. तिथं जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचे तीन भाग त्यांना मिळाले, पहिला, तिसरा आणि पाचवा. विक्रेत्याच्या काट्यात फरक आहे हे त्यांनी त्याला दाखवून दिलं, बासष्ट रुपये वाचवले, आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला बसले. मधले दोन भाग नव्हते. आपल्यासारखा माणूस थांबला असता, किंवा कुणाला विचारलं असतं. नानांनी दुसरा आणि चौथा भाग मनानं रचला. पहिल्याची अखेरची शिल्लक माहीत, तिसऱ्याची सुरुवातीची शिल्लक माहीत. मधे काय व्यवहार झाले ते काढायला हिशेबनिसाला कितीसा वेळ लागतो?

पुढं कुणा भाच्यानं नागपूरहून खरा चौथा भाग आणून दिला. नाना संतापून माझ्याकडं आले. सकाळचे सहा वाजले होते. ते सहा वाजताच येतात.

"खजिनदार कुठं हाये?"

"कोण खजिनदार?"

"तो बुटका! तिसऱ्या भागात या मानसानं, साऱ्या राज्यात जो हुशार त्याले खजिनदार केलं. म्या म्हनलो, वा! लेखकाले दुनिया समजते. आन चौथ्यात तो एका पानावर नाई. अर्धी मानसंच गायब! म्हने ती पाचव्यात. म्या लिहिलेला चौथा याच्याहून बरा होता."

मार्टिनसाठी नानांनी स्वतंत्र खतावणी ठेवली आहे. लाल कापडाची, उभी. जिवंत माणसं जमेला, मेलेली नावे. तिसऱ्या भागातल्या त्या कुप्रसिद्ध लग्नात एकाच पंगतीत इतकी माणसं गेली की नावेची बाजू खालच्या समासापर्यंत उतरली. आणि त्याच भागाच्या अगदी शेवटी, नावे टाकलेली एक बाई उठून उभी! त्या पानावर नानांनी शाईनं खोडाखोड केली आहे आणि बाजूला सही केली आहे. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली ती एकमेव खोडाखोड, असं ते सांगतात. ऑडिटवाल्याला दाखवायचं असावं तसं ते पान उघडून दाखवतात.

आता हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, आहे एक गमतीशीर म्हातारा. शेजारी राहून बघा. नानांकडून परत आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं आकडा असतो: "उ. २८". "उ. १९". आमच्या वस्तीतल्या वाचनालयात यावरून भांडण झालं. ग्रंथपाल बाईंनी खोडरबर घेऊन नानांना समोर बसवलं आणि सगळे आकडे पुसायला लावले. त्यांनी निमूटपणे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी शाईनं लिहिले. आता वाचक पुस्तक घेताना आधी मागचं पान बघतात, हे बाईंच्याही लक्षात आलंय. त्या रागावतात, पण नवीन पुस्तकं आली की गठ्ठा आधी नानांकडं धाडतात.

माझा एक लेख मागं दिवाळी अंकात आला होता. नानांनी अंक वाचायला नेला आणि परत केला. मी पान उलटलं. "उ. ९".

मी त्यावर त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र बोलले. "नऊ कमी नाई, प्रोफेसर. पावसात भिजलेल्या फरतडीले तेवढाच पडते."

हॅरी पॉटरला त्यांनी छत्तीस दिलाय, आणि तो वाढवून मिळावा म्हणून कॉलनीतल्या पोरांनी त्यांच्याकडं शिष्टमंडळ नेलं होतं. नानांचं म्हणणं, सात भाग, १९९७ ते २००७, बाईनं एकही खाडा केला नाही, मजुरी पुरी दिली. पण त्या जादूच्या बँकेचा हिशेब! एकोणतीस नटांचा एक सिकल आणि सतरा सिकलांचा एक गॅलियन. "आमच्या लहानपनी सोळा आने होते," नाना पोरांना म्हणाले, "सोळाले दोननं जाते, चारनं जाते, आठनं जाते. चार मजुरांत रुपया वाटता येते. सतराले कायनं जाते, सांगा!" पोरं गप्प. "या भावानं एक हप्ता जिनिंग चालवून दाखवा. आन त्या शाळेत सात वर्सं काड्या फिरवन्याचं शिकवतात, व्याज काढन्याचं नाई." छत्तीसवर एक तसूही वाढला नाही.

खरं सांगायचं तर या बाबतीत नानांचं मत मला पटतं, आणि ते पटतं याचा मला राग आहे. अद्भुत कथेत काहीही चालतं असं आपण समजतो. नानांच्या मते अद्भुत कथेत काहीही म्हणजे काहीही चालत नाही. जादूला खर्च लागला पाहिजे. काडी फिरवली आणि राक्षस मेला, तर तेवढी जमा आली कुठून? अर्सुला ले ग्विनच्या अर्थसीमध्ये एका जादूगारानं एका बेटावर पाऊस पाडला तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो. म्हणून तिथले शहाणे जादूगार शक्यतो जादू करतच नाहीत. नानांनी हे वाचलं आणि पुस्तक छातीशी धरून बसले. "हे बाई आपल्या इकडची असावी," असं त्यांनी जाहीर केलं. उतारा चाळीस. इतका उतारा आजवर कुणाला पडलेला नाही.

ड्यूनला मात्र त्यांनी आकडा अजून दिलेला नाही, कारण ड्यून ते कादंबरी म्हणून वाचतच नाहीत. वाळवंटाच्या ग्रहावर एकच पीक, मसाला. त्याच्यावर साऱ्या विश्वाचा व्यवहार अडलेला, आणि तो काढणारा सोडून बाकी सगळे गबर. नाना म्हणतात, हे आम्ही १९७२ सालापासून बघतोय. हर्बर्टनं १९६५ साली नुसतं आधी लिहून ठेवलं. कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस, चुकारे, हमीभाव, केंद्राबाहेर रात्रभर उभ्या बैलगाड्या, हे सगळं ते अराकिसच्या नकाशावर बोट ठेवून सांगतात. ऐकणाऱ्याला शेवटी कळेनासं होतं की बॅरन हार्कोनेन नेमका कोणत्या तालुक्यातला.

आणि पाण्याचं तर विचारूच नका. त्या ग्रहावरचे लोक अंगातला घाम गाळून पुन्हा पितात, तसले कपडे शिवून घेतात. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले, गावात टँकरमागं घागरी घेऊन लोक पळत होते, तेव्हा नानांनी ड्यून पुन्हा काढलं. भर मे महिन्यात, दुपारी दोनला, पंखा बंद असताना. ते घामाघूम होऊन वाचत होते आणि मधेच मान वर करून म्हणाले, "याच्यात पान्याचं अवघड करून सांगितलं. सोपं हाये."

आयझॅक असिमॉव्हचं निराळं. फाउंडेशनमधल्या हरी सेल्डनला नाना हरिभाऊ म्हणतात. हे हरिभाऊ गणितानं साम्राज्याचं पुढच्या हजार वर्षांचं भविष्य काढतात. एकेका माणसाचं नाही, प्रचंड जमावाचं. नानांना कल्पना मान्य आहे. फक्त एक अट: "दिवाळीनंतर कापसाचा भाव काय राहीन, तेवढं हरिभाऊनं सांगावं. मंग साम्राज्याचं पाहू." तीन पुस्तकं १९५३ पर्यंत आली आणि चौथं थेट १९८२ साली, हे मात्र ते वारंवार आठवतात. कुणासाठी आठवतात ते पुढं सांगतो.

मराठीचं काय, असं त्यांना विचारायची सोय नाही, कारण ते न विचारता सांगतात. नारळीकरांबद्दल आदर प्रचंड. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी कृष्णविवर ही कथा नारायण विनायक जगताप या टोपण नावानं पाठवली आणि बक्षीस मिळवलं. "येवढा मोठा मानूस नाव लपवून स्पर्धेत उतरला. आपल्या इथं नाव छापून यावं म्हनून स्पर्धा भरवतात." नारायण धारपांच्या समर्थकथांचे भाग त्यांनी हंगामात, रात्रपाळीला, कापसाच्या ढिगाऱ्याशेजारी वाचले आहेत. त्यामुळं त्यांचा उतारा भीतीपोटी फुगला असावा, अशी शंका त्यांना स्वतःलाच आहे. पण त्यांची मुख्य तक्रार ही, की मराठीत विज्ञानकथा आहेत, भयकथा आहेत, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न घरोघरी पोचवला. दहा भागांचं, स्वतःचा नकाशा आणि स्वतःची नाणी असलेलं एक राज्य मात्र कुणी उभं केलं नाही. आमच्याकडं दहा भाग लिहिण्याइतका दम कुणात असला की तो शिवाजी महाराजांवर लिहितो.

यावर मी एकदा म्हणालो, नाना, मग नवनाथ भक्तिसार?

ही चूक नव्हती, पण त्या दिवशी माझं कॉलेज बुडालं. श्रावणात नाना पोथी लावतात. पण ते ती भक्तीनं वाचतात की मत्सरानं, हे मला त्या दिवशी कळलं. नऊ नायक. चाळीस अध्याय. उकिरड्यातून निघालेला गोरक्ष, स्त्रीराज्यात अडकलेला गुरू, अस्त्रावर अस्त्र, मेलेले उठतात पण का उठले ते सांगून उठतात. आणि सगळं एकट्या मालूकवीनं १८१९ साली पुरं केलं, तेही ओवीत. "आन चाळिसाव्या अध्यायात काय केलं त्यानं? कोनता अध्याय वाचला तं काय फळ मिळीन, त्याचा तक्ता दिला! एकेका अध्यायाचा! मार्टिननं देला का?"

नाही दिला, हे मला मान्य करावं लागलं.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झालं. निमंत्रणावरून आधीच एवढं रामायण झालेलं की गावात पुस्तकांपेक्षा पोलीस जास्त दिसत होते. नानांच्या मते हा भाग दुसरा होता. भाग पहिला १९७३ साली, माडगूळकर अध्यक्ष असताना. सेहेचाळीस वर्षांचं अंतर त्यांना खुपलं, पण "आला ना?" असं म्हणून त्यांनी ते माफ केलं. पुस्तकांच्या गाळ्यांवर ते तीन दिवस एकच प्रश्न विचारत फिरले: "संच पुरा हाये का?" आणि मांडवात बसून कार्यक्रमपत्रिकेवर भाषणागणिक आकडे टाकले. ती पत्रिका मी पाहिली आहे, आणि मराठी साहित्याच्या हितासाठी ते आकडे मी छापत नाही. एकाच नावापुढची जागा कोरी होती. उद्‍घाटन ज्यांच्या हातून झालं त्या वैशाली येडे, आपल्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. राहून गेलं का, असं मी विचारलं.

"नाई. तिथं काटा लावत नसतात," नाना म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

तर मार्टिन. पाचवा भाग २०११ साली आला. सहावा अजून यायचाय. मधल्या काळात टीव्हीवाल्यांनी २०१९ मध्ये गोष्ट आपल्या हिशेबानं संपवूनही टाकली. नानांनी ती बघितली नाही, "सरपंचाच्या आधी शिपायानं झेंडा फडकवला" एवढंच म्हणाले. लेखक वाट बघायला लावतो, पुढच्या भागात सगळं कळेल असं सांगतो, हे त्यांना सहन होत नाही. पुढच्या भागात! हे शब्द ऐकले की नानांचं रक्त चढतं. ज्याच्याकडं आजचा हिशेब नसतो तो उद्याची तारीख देतो, असा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

वास्तविक या जिल्ह्यातल्या माणसाला अपुऱ्या भागांचं कौतुक नसावं. मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे बंद पडली, तिचा पुढचा भाग येणार येणार म्हणून एक पिढी म्हातारी झाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यातला वर्धा ते कळंब एवढा तुकडा सुरू झाला. नाना मुद्दाम कळंबला गेले, गाडीत बसून वर्ध्याला जाऊन आले आणि खतावणीत नोंद केली: "भाग १ प्राप्त."

गोम अशी की मार्टिनचा जन्म १९४८ चा, आणि नानांचाही. हे कळल्या दिवसापासून त्यांनी मार्टिनच्या तब्येतीची चौकशी सुरू केली. कुठं फोटो छापून आला की भिंगानं बघायचे. वजन वाढलंय, चालणं दिसत नाही, जेवण बाहेरचं असावं. "त्याले कोनी सकाळी फिरायले नेत नाई का?" गेल्या वर्षी नानांच्याच छातीत कळ आली. नागपूरला नेलं, बायपास सांगितलं. मी भेटायला गेलो तर डॉक्टरांशी त्यांची बोलणी चालू होती: शंभरात किती जण सुधारतात? डॉक्टरांनी आकडा सांगितला. नानांनी मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाले, "अर्थसीपेक्षा जास्त हाये. करू." मग जरा थांबून, "असिमॉव्ह एकोनतीस वर्सांनी आला होता, प्रोफेसर. याले तं अजून तेवढी नाई झाली."

ते महिना-दीड महिना नागपूरला मुलीकडं होते. त्या काळात वाचनालयातून मी एक कादंबरी आणली, बरी होती. संपवली आणि सवयीनं मागचं पान उलटलं. कोरं. पुस्तक वाईट नव्हतं, तरी मला ते अर्धवट वाचल्यासारखं वाटत राहिलं. हे मी नानांना सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका.

त्याच सुमारास ग्रंथपाल बाईंनी मला एक गोष्ट दाखवली. मुलांच्या कपाटात एका भाषांतरित मालिकेचे पहिला, दुसरा आणि चौथा असे तीनच भाग होते, तिसरा कुणीतरी कधीच गडप केलेला. त्या रिकाम्या जागी एक लाल कापडी वही उभी होती. पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात मालिकेचं नाव आणि खाली "भाग ३". आत दोनशे पानं, दर पानाच्या तळाशी "पुढे नेली" आणि दुसऱ्या पानाच्या माथ्यावर "मागून आणली". मालक कुणी ते विचारायची गरज नव्हती. बाईंनी वहीला रीतसर दाखल क्रमांक दिला होता. मागं घेणाऱ्यांच्या तारखांचे शिक्के होते, आणि ते खऱ्या भागांपेक्षा जास्त होते. पोरांना ठाऊकच नव्हतं की हा तिसरा भाग अमेरिकेतून आलेला नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तक्रार केली नव्हती.

मी ती वही उभ्या उभ्या चाळली. मग बसून वाचली. जादूला खर्च होता. लढाईनंतर दाणागोटा कमी पडत होता. एका जादूगाराला कर्ज होतं आणि तो ते हप्त्यानं फेडत होता. मला आकडा टाकायचा मोह झाला, पण खिशात पेन्सिल नव्हती.

पेन्सिल दुसऱ्या कुणाकडं तरी होती. शेवटच्या पानावर, नववीतल्या मुलीचं असावं अशा टपोऱ्या अक्षरात: "उ. ३१". आणि त्याखाली: "पान ४७ वर मेलेला पांढरा घोडा पान ९० वर पाणी पितो."

नाना नागपूरहून आले त्या संध्याकाळी मीच त्यांना ही बातमी दिली. द्यायला नको होती, छातीचे टाके ताजे होते. पण दिवाळी अंकातले नऊ माझ्या डोक्यात होते. एकतीसबद्दल ते काहीच बोलले नाहीत. वही मागवली. सत्तेचाळिसावं पान काढलं, नव्वदावं काढलं, पुन्हा सत्तेचाळिसावं. चश्मा पुसला. कोणाची पोट्टी आहे, विचारलं. मग मला घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दार वाजलं. नाना उभे, अंगात स्वेटर, हातात वही, डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केलेली.

"घोडे दोन होते," ते म्हणाले. "ते म्या पुढच्या भागात सांगनार होतो."